फाटकावरची बारा तासांची पाळी : एका सुरक्षा एजन्सीच्या सेवेचे परीक्षण

मुलुंड पूर्वेतील आमच्या गृहनिर्माण संस्थेने गेल्या वर्षी फाटकाचे काम ज्या खासगी सुरक्षा एजन्सीला दिले, तिच्या सेवेचे हे परीक्षण आहे. एजन्सीचे नाव मी मुद्दाम देत नाही. मुंबईतील मध्यम आकाराच्या अनेक एजन्स्यांचा करार, बिल आणि कामाची पद्धत इतकी एकसारखी असते की नाव बदलले तरी पुढचा मजकूर फारसा बदलावा लागणार नाही. मी संस्थेचा खजिनदार आहे आणि निवृत्तीपर्यंत हिशेबाचेच काम केले आहे. त्यामुळे फाटकावरून जाता-येता रहिवाशाला जे दिसते त्याखेरीज बिलाला जोडलेले कागदही माझ्या हातात येतात. सुरक्षा सेवेबद्दलचे अभिप्राय बहुधा पहिल्या गोष्टीपुरते असतात: रक्षक चटकन उठतो का, नीट बोलतो का, रात्री झोपतो का. मला कागदांबद्दल अधिक लिहायचे आहे. पण आधी दिसणाऱ्या कामाबद्दल.

रहिवासी म्हणून पाहिले तर सेवा चांगली आहे. दिवसा दोन आणि रात्री दोन असे रक्षक, रात्री केव्हाही अचानक येणारा सुपरवायझर आणि कोणी गैरहजर राहिल्यास थोड्याच वेळात बदली माणूस, असे करारात लिहिलेले आहे आणि ते बव्हंशी पाळलेही जाते. पाहुण्यांची नोंद करण्याचे अ‍ॅप रक्षक सराईतपणे वापरतात, पार्सलांची वही व्यवस्थित असते आणि पाण्याचा टँकर आला की वेळ टिपून ठेवली जाते. पावसाळ्यात पंपाच्या खोलीत पाणी शिरले त्या रात्री रक्षकानेच मुख्य स्विच बंद करून आम्हाला उठवले. उणीव आहे ती प्रशिक्षणाची. खासगी सुरक्षा एजन्स्यांचे नियमन करणारा केंद्राचा कायदा २००५ सालचा आहे आणि त्याखालील २००६ च्या नमुना नियमांत रक्षकाला वर्गात १०० तास आणि प्रत्यक्ष जागेवर ६० तास शिकवावे असे म्हटले आहे. आमच्याकडे येणाऱ्या नव्या रक्षकाचे प्रशिक्षण म्हणजे जुन्या रक्षकाबरोबर काढलेली एक पाळी. अग्निशामक नळकांड्याची पिन कशी काढायची हे त्यांच्यापैकी बहुतेकांना आमच्या इमारतीतल्याच एका निवृत्त अग्निशमन कर्मचाऱ्याने शिकवले.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी या सेवेची बिनदिक्कत शिफारस केली असती. परंतु एजन्सीच्या माहितीपत्रकात सर्वांत ठळक अक्षरांत छापलेले आश्वासन वेगळेच आहे: संस्थेला न आवडलेला रक्षक कोणतेही कारण न विचारता चोवीस तासांत बदलून मिळेल. सभासदांना हे कलम फार आवडले. एकाने गाडीला जागा करून दिली नाही म्हणून, दुसऱ्याने कुत्र्याला घेऊन लिफ्टमध्ये जाणाऱ्या मुलाला हटकले म्हणून, तिसरा म्हातारा दिसतो म्हणून बदलला गेला. सुपरवायझर प्रत्येक वेळी हसतमुखाने म्हणत असे, "साहेब, काळजी करू नका, उद्या दुसरा माणूस उभा करतो." बदललेल्या माणसाचे पुढे काय होते, असे एकदा त्याला विचारले. दुसरीकडे जागा रिकामी असेल तर तो तिथे जातो, नसेल तर जागा होईपर्यंत घरी बसतो. आणि घरी बसलेल्या दिवसांचा पगार नसतो. म्हणजे चोवीस तासांत माणूस बदलून देण्याची सोय एजन्सीला परवडते, कारण त्या सोयीची किंमत घरी बसलेला रक्षक देतो. आपण सुरक्षा विकत घेतो असे आपल्याला वाटते, पण बिलातला बराचसा भाग दुसऱ्याच्या नोकरीच्या बेभरवशाचा असतो, हे माझ्या ध्यानात आले ते इथे, आणि मग मी दरपत्रके पुन्हा काढून बसलो.

एजन्सी निवडताना तीन दरपत्रके मागवली होती. प्रत्येकीने दोन पर्याय दिले होते: बारा तासांच्या दोन पाळ्या किंवा आठ तासांच्या तीन. तिघींच्याही दरपत्रकात दोन पाळ्यांचा पर्याय स्वस्त होता आणि सर्वसाधारण सभेने फारशी चर्चा न करता तोच उचलला. आता हे गणित पाहा. हिशेबाच्या सोयीसाठी तासाची मजुरी १०० रुपये धरू. प्रत्यक्षात ती याहून कमी असते. कायद्याने कामाचा सामान्य दिवस आठ तासांचा आणि त्यावरच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर. जादा तासांना दुप्पट दर किमान वेतनाच्या जुन्या व्यवस्थेतही होता आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनेही जादा कामाला किमान दुप्पट दर कायम ठेवला आहे. तेव्हा बारा तास उभ्या राहणाऱ्या रक्षकाला आठ तासांचे ८०० आणि उरलेल्या चार तासांचे ८०० असे १,६०० रुपये मिळायला हवेत. दोन रक्षकांचे मिळून ३,२०० झाले. तीन रक्षक आठ-आठ तास उभे राहिले तर त्यांचे मिळून २,४०० होतात. कायदा पाळला तर दोन पाळ्यांचा पर्याय एक तृतीयांशाने महाग पडला पाहिजे. जादा तासांना दुप्पट न देता साधाच दर दिला, तरी दोन्ही पर्याय सारखे यायला हवेत. दोन पाळ्या जर तीन पाळ्यांपेक्षा स्वस्त असतील, तर शेवटच्या चार तासांची मजुरी पहिल्या आठ तासांपेक्षाही कमी दराने दिली जाते, एवढाच त्याचा अर्थ निघतो. यासाठी कोणाची गुप्त चौकशी करावी लागत नाही. दरपत्रकावरचे दोन आकडे शेजारी ठेवले की पुरते.

दरपत्रकांत आणखी एक फरक होता. तीन पाळ्यांच्या पर्यायात साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या बदली माणसासाठी एक षष्ठांश आकार वेगळा दाखवलेला होता. दोन पाळ्यांच्या पर्यायात ती ओळच नव्हती. कारण त्या पर्यायात साप्ताहिक सुट्टीच गृहीत धरलेली नाही. रक्षकाने सुट्टी घेतली तर त्याचा दिवस कापला जातो, म्हणून तो घेत नाही. आमच्या रात्रपाळीच्या रक्षकांपैकी एक दिव्याला राहतो आणि एक नालासोपाऱ्याला. घरून निघून घरी पोहोचेपर्यंतचा वेळ बारा तासांत धरलेला नाही. पहाटे तीनच्या सुमारास खुर्चीवर डुलकी लागलेल्या रक्षकाचे छायाचित्र काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकणारे सभासद प्रत्येक संस्थेत असतात. आमच्या करारात झोपलेल्या रक्षकाबद्दल दंडही आहे. तो बिलातून वजा होतो आणि एजन्सी तो रक्षकाच्या पगारातून वसूल करते. माझ्या मते ती डुलकी दोन पाळ्यांच्या दरातच समाविष्ट आहे, तिच्यासाठी वेगळा दंड लावणे म्हणजे एकाच गोष्टीचे पैसे दोनदा वाचवणे झाले.

आता बिल. ते दिसायला नमुनेदार आहे: मूळ वेतन, विशेष भत्ता, पाच टक्के घरभाडे भत्ता, भविष्य निर्वाह निधीत मालकाचा वाटा शुल्कांसह तेरा टक्के, राज्य कामगार विम्याचे ३.२५ टक्के, बोनसचे ८.३३, ग्रॅच्युइटीचे ४.८१, रजेचा आकार, गणवेश, एजन्सीचा सेवा आकार आणि या सगळ्या बेरजेवर अठरा टक्के जीएसटी. (रक्षकाच्या किमान वेतनावरही ग्राहकाने अठरा टक्के कर भरावा, हे मला अजून पचलेले नाही, पण तो दोष एजन्सीचा नव्हे.) एखाद्या सभासदाने हे बिल पाहिले तर त्याचे समाधान होईल की सगळे कायदेशीर देणे आपण देत आहोत. देतो आहोत हे खरेच. प्रश्न ते कुठवर पोहोचते हा आहे.

ग्रॅच्युइटीचीच ओळ घ्या. वर्षाच्या नोकरीला पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे दिवस सव्वीस धरायचे, म्हणजे मासिक वेतनाच्या ४.८१ टक्के, असा तो आकडा येतो. आमची संस्था दरमहा तो प्रत्येक रक्षकामागे देते. पण १९७२ च्या कायद्याने ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सलग नोकरी लागत असे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने मुदतीच्या करारावर नेमलेल्यांसाठी ही अट एक वर्षावर आणली आहे, मात्र त्यासाठी मुदतीचा लेखी करार हातात असावा लागतो आणि आमच्या एकाही रक्षकाकडे नेमणुकीचे पत्र नाही. चोवीस तासांत बदलला जाणारा रक्षक पाच वर्षे पुरी करणार कधी? तो मध्येच सुटला की त्याच्या नावाने आम्ही भरलेली रक्कम एजन्सीकडेच राहते. याचा सरळ परिणाम असा की माणूस जितक्या वेळा बदलेल तितकी एजन्सीची शिल्लक वाढते. एरवी व्यवहारात माणसे टिकत नाहीत हे धंद्याचे नुकसान मानले जाते. इथे ते उत्पन्न आहे.

आमच्या फाटकावर सिंधुदुर्गातले एक वयस्क रक्षक आहेत. मुले त्यांना काका म्हणतात, आणि इमारतीतल्या निम्म्या लोकांपेक्षा त्यांना इमारत अधिक ठाऊक आहे, कारण पुनर्विकासानंतर ताबा मिळाला तेव्हापासून ते इथेच आहेत. या काळात संस्थेकडे आताची धरून तीन एजन्स्या झाल्या. दर वेळी नव्या एजन्सीने "जागा ओळखणारा माणूस" म्हणून त्यांना ठेवून घेतले, नवा गणवेश दिला, गणवेशाची अनामत कापली आणि त्यांची नोकरी नव्या तारखेपासून सुरू झाल्याचे लिहिले. आमच्या लेखी ते सर्वांत जुने, त्यांच्या कागदांत कायमचे नवे. त्यांचे वडील लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार होते. पाळी सुरू होताना फाटकाशी उभे राहायचे आणि कोणी गैरहजर असला तर आत जायचे. बदलीतून कायम होण्याची वाट तेव्हा लांबची होती, पण होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ती संपली. काकांना मी एकदा विचारले की इतक्या वर्षांत कधी कायम होण्याबद्दल बोललात का. ते म्हणाले, "कोणाकडे बोलू? एजन्सी म्हणते सोसायटीची जागा, सोसायटी म्हणते एजन्सीचा माणूस."

त्यांच्या बोलण्यामुळेच मी भविष्य निर्वाह निधीचे चलन मागितले. एजन्स्या सहसा एकूण रक्कम भरल्याची पावती जोडतात. ती पुरेशी नसते, कारण तीत शेकडो कामगारांची एकत्रित रक्कम असते आणि तुमच्या फाटकावरचा माणूस त्यात आहे की नाही हे कळत नाही. नावनिहाय विवरणपत्र मागावे. त्यात प्रत्येकाचा यूएएन (निधी खात्याचा कायमचा) क्रमांक, एकूण वेतन, निधीसाठी धरलेले वेतन आणि शेवटी एनसीपी दिवस असा एक रकाना असतो. ज्या दिवशी कामगाराने काम केले नाही आणि वेतन मिळाले नाही असे दिवस त्यात लिहायचे असतात. आमच्या हजेरीपत्रकाप्रमाणे महिनाभर एकही खाडा न केलेल्या रक्षकांसमोर या रकान्यात मोठे आकडे होते. म्हणजे बिल तीस दिवसांचे आणि निधीचे विवरण बारा-चौदा दिवसांचे. बिलातल्या तेरा टक्क्यांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम वाटेतच थांबली होती.

याचा फटका केवळ म्हातारपणाच्या पैशाला बसतो असे नाही. राज्य कामगार विमा योजनेत आजारपणाचा भत्ता मिळण्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात निदान ७८ दिवसांची वर्गणी लागते. महिन्याला बारा दिवस दाखवले तर सहा महिन्यांचे ७२ होतात. रोज फाटकावर उभा असलेला माणूस कागदावर आजारी पडायला पात्रच ठरत नाही. मुलुंडला राज्य कामगार विम्याचे रुग्णालय आहे, आमच्या फाटकापासून रिक्षाने जाण्याइतके. आणि टायफॉइड झालेला आमचा रक्षक खासगी दवाखान्यात उधारीवर उपचार घेत होता, कारण त्याचा विमा क्रमांक एजन्सीने काढलेलाच नव्हता. त्याच्या पगारातून मात्र ०.७५ टक्के कापले जात होते.

एजन्सीला लेखी विचारल्यावर उत्तर तत्परतेने आले, हे नमूद करायला हवे. "लिपिकाची चूक" असे म्हणून पुढच्या महिन्याचे विवरण दुरुस्त केले गेले. मागच्या महिन्यांबद्दल पत्रव्यवहार चालू आहे. एजन्सीच्या मालकांशी झालेल्या बैठकीत त्यांनी जे सांगितले ते खोटे म्हणून उडवून लावण्यासारखे नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कायद्याने होणारा पूर्ण दर त्यांनी दिला तर संस्था दुसऱ्या एजन्सीकडे जाते. संस्था बिल वीस-पंचवीस तारखेला भरतात, पण पगार सात तारखेच्या आत द्यायचा नियम एजन्सीला लागू असतो, आणि मधल्या दिवसांचे भांडवल छोट्या एजन्सीकडे नसते. आमच्या संस्थेची बिले केव्हा भरली गेली हे माझ्याच खतावणीत आहे, त्यामुळे या मुद्द्यावर मला वाद घालता आला नाही. परंतु सर्वांत कमी दर हीच निवडीची कसोटी असेल तर प्रामाणिक एजन्सी पहिल्याच फेरीत बाद होते, हे त्यांनी कबूल केले आणि आम्हीही.

मुंबईत याला पर्याय नाही असे समजू नये. महाराष्ट्राने माथाडी कामगारांसाठी १९६९ मध्ये जो कायदा केला त्याच धर्तीवर १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्याखाली त्रिपक्षीय मंडळे स्थापन झाली, ज्यांत शासन, मालक आणि रक्षक या तिघांचे प्रतिनिधी असतात. रक्षकाची नोंदणी मंडळात होते, मालक वेतन आणि त्यावरची लेव्ही (लाभांसाठीचा ठरावीक आकार) मंडळाकडे भरतो आणि मंडळ रक्षकाला पगार, निधी, बोनस, रजा, ग्रॅच्युइटी देते. आस्थापना बदलली तरी रक्षकाची नोकरी मंडळाकडे चालू राहते. एका फाटकावरून दुसऱ्यावर गेल्याने त्याची वर्षे पुसली जात नाहीत. मात्र त्याच कायद्यात अशीही तरतूद आहे की ज्या रक्षकांना एकंदरीत यापेक्षा कमी नसलेले लाभ मिळतात त्यांना शासन सूट देऊ शकते. त्यामुळे मंडळाचे रक्षक आणि सूट मिळालेल्या एजन्स्यांचे रक्षक अशा दोन जाती या शहरात शेजारी शेजारी काम करतात.

मी ज्या कंपनीत होतो तिथे, लाल बहादूर शास्त्री मार्गावर, हे दोन्ही एकाच आवारात होते. मुख्य दारावर मंडळाचे रक्षक, आठ तासांचे, आणि मागच्या गोदामावर एजन्सीचे, बारा तासांचे. काम एकच, गणवेशाच्या रंगात तेवढा फरक. मुख्य दारावरच्या माणसाने मुलीच्या लग्नासाठी निधीतून रक्कम काढली, गृहकर्जासाठी पगाराचा दाखला घेतला, ट्रक मागे घेताना मालवाहतूकदाराशी भांडलाही, कारण नियमाने तो बरोबर होता आणि बरोबर असल्याची शिक्षा होणार नाही हे त्याला ठाऊक होते. गोदामावरचा माणूस कोणालाही सहसा अडवत नसे. आमचे व्यवस्थापक मंडळाच्या रक्षकांबद्दल नेहमी एकच तक्रार करत: त्यांना एका फोनवर बदलता येत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने विचार केला तर हाच त्यांचा गुण होता. ज्याला सभासद, भाडेकरू, दलाल यांपैकी कोणीही दुसऱ्या दिवशी घरी बसवू शकतो, तो रक्षक कोणाला अडवणार? आमच्या संस्थेत रात्री अकरानंतर बांधकामाचे सामान आणणाऱ्या टेम्पोला रक्षक का रोखत नाहीत, याची सभेत बरीच चर्चा झाली. टेम्पो एका प्रतिष्ठित सभासदाचा होता.

रखवालीच्या कामात कंत्राटी पद्धत असू नये, असे एके काळी केंद्र सरकारलाही वाटले होते. आपल्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींची झाडलोट, सफाई आणि राखण या कामांत कंत्राटी कामगार नेमण्यास मनाई करणारी अधिसूचना ९ डिसेंबर १९७६ रोजी निघाली होती. नव्वदच्या दशकात मुंबईतल्या एअर इंडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे कामगार मूळ मालकाकडे सामावून घ्यावेत असा निकाल दिला. पुढे २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल बाजूला सारला, १९७६ ची अधिसूचना रद्द ठरवली आणि कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही, असे स्पष्ट केले. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत सरकारी कचेऱ्यांपासून बँकांच्या एटीएमपर्यंत सर्वत्र एजन्सीचा माणूस दिसू लागला, यात नवल नाही.

मग संस्थेने रक्षकांना थेट पगारावर ठेवावे का? आमच्यापैकी काहींनी ही सूचना केली आणि मलाही सुरुवातीला ती सोपी वाटली. परंतु सर्वोच्च न्यायालयाने आणि नंतर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, जुन्या औद्योगिक विवाद कायद्याखाली, सभासदांच्या सेवेपुरती चालणारी गृहनिर्माण संस्था हा उद्योग नव्हे असे म्हटले आहे. म्हणजे संस्थेने उद्या काकांना थेट नेमले आणि परवा काढून टाकले, तर कामगार न्यायालयाचा आधार त्यांना मिळेलच असे नाही. शिवाय चार-पाच माणसांच्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधीचा वीस कामगारांचा उंबरठा लागू होत नाही. एजन्सीच्या शेकडो माणसांना तो होतो. थेट नेमणूक ऐकायला माणुसकीची वाटते, पण लेखी करार, स्वेच्छेने घेतलेली निधीची नोंदणी आणि पुढच्या कार्यकारिणीवर बंधनकारक ठरेल असा सभेचा ठराव या तीन गोष्टींशिवाय ती रक्षकाला एजन्सीपेक्षाही उघड्यावर टाकते. आणि करारातले आणखी एक कलम आड येते: एजन्सीने दिलेल्या रक्षकाला करार संपल्यावर वर्षभर संस्थेने थेट कामावर घेऊ नये. रक्षकाची सही त्यावर नाही, त्याला ते माहीतही नव्हते, तरी ते बांधते त्यालाच.

या कारणांनी आम्ही एजन्सी बदलली नाही. बदलली असती तर काकांची नोकरी चौथ्यांदा पहिल्या दिवसापासून सुरू झाली असती आणि नव्या एजन्सीचे विवरणपत्र जुन्यासारखेच निघाले असते. त्याऐवजी नूतनीकरणाच्या करारात आम्ही बदल मागितले. आठ तासांच्या तीन पाळ्या आणि साप्ताहिक सुट्टीचा बदली माणूस; दर महिन्याच्या बिलासोबत नावनिहाय निधी व विमा विवरण आणि प्रत्येक रक्षकाच्या खात्यात पगार जमा झाल्याचा बँकेचा पुरावा, तो नसेल तर बिल रोखले जाईल; ग्रॅच्युइटीची रक्कम एजन्सीने प्रत्यक्ष दिल्यावरच संस्था भरपाई करेल, तोवर ती संस्थेच्या वेगळ्या खात्यात राहील; कारण लिहून दिल्याशिवाय आणि रक्षकाचे म्हणणे ऐकल्याशिवाय बदली नाही; प्रत्येकाला नेमणुकीचे पत्र. आमच्या बाजूने बिल पाच तारखेच्या आत भरण्याची हमी. शेवटच्या मुद्द्यावर सर्वांत जास्त विरोध एजन्सीकडून नव्हे तर आमच्याच थकबाकीदार सभासदांकडून झाला.

तीन पाळ्यांचा नवा दर आधीच्यापेक्षा जास्त आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. सभेत मी वाढ प्रत्येक सदनिकेवर वाटून दाखवली. बहुतेकांच्या इंटरनेटच्या मासिक बिलापेक्षा ती कमी भरते. तरीही ठराव थोड्या मतांनीच संमत झाला, आणि जे विरोधात होते त्यांत आपली कंपनी कंत्राटावर माणसे घेऊन कायम कर्मचारी कमी करते म्हणून रोज चिडणारे दोघे-तिघे होते.

एजन्सीने वरच्यापैकी बहुतेक अटी मान्य केल्या आहेत. नेमणुकीची पत्रे आली. काकांच्या पत्रावर सध्याच्या एजन्सीतील रुजू होण्याची तारीख बरोबर आहे, पूर्वीच्या दोन एजन्स्यांची वर्षे अर्थात त्यात नाहीत. विमा क्रमांक निघाले. कारणाशिवाय बदली न करण्याची अट त्यांनी आनंदाने घेतली, कारण माणसे शोधण्याचा त्यांचाही त्रास वाचतो. ग्रॅच्युइटी वेगळ्या खात्यात ठेवण्याला नकार आहे आणि वर्षभर थेट नेमणूक न करण्याचे कलम काढायला ते एका महिन्याच्या बिलाएवढी रक्कम मागत आहेत.

तेव्हा शिफारस अशी: रात्रीची तपासणी, नोंदी आणि प्रसंगी धावून येणारे सुपरवायझर यांसाठी ही एजन्सी घ्यायला हरकत नाही, पण त्यांच्या छापील करारावर सही करू नये आणि दोन पाळ्यांचा दर स्वीकारू नये. आपल्या संस्थेत आधीच एखादी एजन्सी असेल तर सर्वप्रथम गेल्या सहा महिन्यांचे नावनिहाय विवरण मागवून एनसीपीचा रकाना आपल्या हजेरीपत्रकाशी ताडून पाहावा. रक्षकांना त्यांचे निधीचे पासबुक सरकारच्या उमंग अ‍ॅपवर उघडून द्यावे. आमच्याकडच्या दोघांना आपल्या नावाने खाते आहे हेच ठाऊक नव्हते, आणि त्यांच्यापैकी एकाची आधीच्या कामाची दोन वेगळी खाती निघाली, ती एकत्र करण्याचा अर्ज सध्या प्रलंबित आहे.